सोडियम आणि त्याचे भाऊबंद: बनतात कसे, आणि आपल्या पट्ट्यातल्या पावसाळ्यात सांभाळायचे कसे?

घणसोली_प्रोसेस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका मध्यम युनिटमध्ये सोडियम मेथॉक्साइड (सोडियम आणि मिथेनॉलपासून बनणारं रसायन) बाहेरून न घेता आतच बनवायचा विचार चालू आहे. म्हणजे सोडियम धातूचे ड्रम येणार, तेही ऐन जूनमध्ये. ‘पाण्यापासून लांब ठेवा’ एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यापुढचं हवं आहे. हा धातू मुळात बनतो कसा, येतो कोणत्या रूपात, उघडताना, वापरताना आणि उरलेला निकालात काढताना नेमकं काय चुकतं? पोटॅशियम, लिथियम, मॅग्नेशियम हाताळणाऱ्यांनीही लिहावं. जमेल तिथे आकड्यांसह.

मूलद्रव्य

बनवण्यापासून सुरुवात करतो, कारण सांभाळण्याचे निम्मे नियम तिथेच कळतात.

हंफ्री डेव्हीने १८०७ मध्ये वितळलेल्या कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) आणि कॉस्टिक सोड्यातून (सोडियम हायड्रॉक्साइड, पुढे नुसतं ‘कॉस्टिक’) वीज सोडून पोटॅशियम आणि सोडियम पहिल्यांदा वेगळे केले. नंतर कास्टनरची कॉस्टिक वितळवून विद्युत अपघटन करण्याची पद्धत आली. त्यात एक मोठी खोट होती. धनाग्रावर पाणी तयार होई आणि तेच पाणी नुकताच सुटलेला सोडियम खाऊन टाकी, त्यामुळे निम्म्याहून जास्त वीज कामी येतच नसे. १९२४ च्या डाउन्स सेलमध्ये कॉस्टिकऐवजी थेट मीठ वापरलं आणि ही अडचण सुटली.

नुसतं मीठ ८०१ अंशांना वितळतं. त्या तापमानाला सोडियमची वाफ भरपूर होते आणि धातू वितळलेल्या मिठात विरघळूनही जातो. म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड आणि बेरियम क्लोराइड मिसळून वितळबिंदू ६०० अंशांच्या आसपास आणतात. मधोमध ग्रॅफाइटचा धनाग्र, भोवती पोलादी ऋणाग्र आणि दोघांच्या मध्ये लोखंडी जाळी. जाळी फाटली की क्लोरीन आणि सोडियम पुन्हा एकमेकांना भेटतात, म्हणून सेलचं आयुष्य बरंचसं जाळीवर ठरतं. वितळलेला सोडियम हलका असल्याने वर चढतो आणि नळीतून बाजूच्या टाकीत जातो. त्याच्यासोबत थोडा कॅल्शियमही येतो. धातू ११० ते १२० अंशांपर्यंत थंड केला की कॅल्शियमचे स्फटिक वेगळे होतात, ते गाळून काढतात. एका किलो सोडियममागे दीड किलो क्लोरीन निघतो आणि १० युनिटच्या आसपास वीज लागते. ही सगळी वीज धातूत साठत नाही, बरीच उष्णता म्हणून जाते. पण जेवढी साठते तेवढी तुमच्या ड्रममध्ये बसलेली असते आणि पाणी भेटताच बाहेर पडते.

पोटॅशियम असा बनत नाही. तो स्वतःच्याच वितळलेल्या क्षारात फार विरघळतो आणि सेलमध्ये सुपरऑक्साइड झालं तर स्फोटाचं भय. म्हणून सुमारे ८५० अंशांना वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडमधून सोडियमची वाफ सोडतात. पोटॅशियम जास्त उडणारा असल्याने वर निघून जातो आणि स्तंभात वेगळा करता येतो. लिथियम मात्र विद्युत अपघटनानेच, लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइडच्या मिश्रणातून, ४०० ते ४५० अंशांना.

तळोजा_सेफ्टी

छान मांडणी. मी साठवणीवर लिहितो, कारण जूनमध्ये माल येतोय.

जुलैत आपल्याकडे हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे एका घनमीटर हवेत २० ते २२ ग्रॅम पाणी. १८ ग्रॅम पाणी २३ ग्रॅम सोडियमला पुरतं. त्या हिशोबाने एक घनमीटर पावसाळी हवा २५ ते २८ ग्रॅम सोडियमचा कॉस्टिक करू शकते. ड्रमचं झाकण उघडं ठेवून डबा आणायला गेलात तर तेवढ्यात धातूवर ओलसर कॉस्टिकचा थर बसतो. तो थर स्वतःच पाणी ओढतो, म्हणून झाकण पुन्हा लावलं तरी आत काम चालूच राहतं.

सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे एसी. गोडाऊन २२ अंशांना ठेवलं, ड्रम तिथून काढून शेडमध्ये आणला आणि लगेच उघडला, तर पत्र्याला आतून-बाहेरून घाम फुटतो. ड्रम बंद अवस्थेत शेडच्या तापमानाला येऊ द्या, रात्रभर ठेवलात तरी चालेल. मग बाहेरून कोरडा पुसून नायट्रोजनच्या प्रवाहाखाली उघडा. नायट्रोजनचा दवबिंदू उणे ४० किंवा त्याखाली हवा.

गोडाऊनची जागा निवडताना छताकडे बघा. वरून पाण्याची लाइन, एसीची निचरा नळी, वाफेची किंवा कंडेन्सेटची लाइन, स्प्रिंकलर यातलं काहीही चालणार नाही. पत्र्याच्या छताचे स्क्रू मेमध्येच तपासून घ्या. जमिनीची पातळी ठरवताना २६ जुलै २००५ ला त्या प्लॉटवर पाणी कुठवर होतं ते जुन्या माणसांना विचारा. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला होता. ड्रम त्या रेषेच्या वर, लोखंडी घोडीवर ठेवा. लाकडी पॅलेट ओल धरतं.

आणि माणसं स्वतः पाणी घेऊन येतात! ओले गमबूट, टपकणारा रेनकोट, घामाने भिजलेले हातमोजे. दाराबाहेर रेनकोट काढायची खुंटी आणि आत कोरड्या बुटांचा वेगळा जोड ठेवला तर नुसत्या बोर्डापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

मेथॉक्साइडवाला

धागाकर्त्यांना एक थेट सल्ला. ३० टक्के मेथॉक्साइडचं तयार द्रावण टँकरने किंवा ड्रमने मिळतं. महिन्याला काही टनांचीच गरज असेल तर धातू आणू नका. मोठे उत्पादक हल्ली कॉस्टिक आणि मिथेनॉलपासून पाणी सतत ऊर्ध्वपातनाने काढत हेच द्रावण बनवतात, त्यात सोडियम धातू लागतच नाही.

तरीही आणायचाच असेल तर हिशोब असा. ३० टक्के द्रावणाचे १०० किलो करायला १२.८ किलो सोडियम लागतो. त्यातून ३० अंशांना साधारण ७ घनमीटर हायड्रोजन निघतो. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात हायड्रोजन पेटतो, म्हणजे पेटणार नाही असं मिश्रण मिळणं अवघड. व्हेंट (वायू बाहेर सोडणारी नळी) हायड्रोजनच्या या प्रवाहासाठी मोजून काढलेला हवा. बाहेरचं तोंड छताच्या वर, कौलारू किंवा पत्र्याच्या आढ्याखाली मुळीच नको, कारण हायड्रोजन आढ्यातच साठतो.

इथे एक चूक वारंवार दिसते. मिथेनॉलसाठी बसवलेले फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरचा वायू पेटवणार नाही असे) दिवे आणि मोटारी गॅस ग्रुप ‘टू-ए’ किंवा ‘टू-बी’च्या असतात. हायड्रोजनला ‘टू-सी’ लागतं. प्लांट आधीपासून फ्लेमप्रूफ आहे म्हणून कोणी पुन्हा पाहत नाही.

नेहमी मिथेनॉलमध्ये सोडियम, सोडियमवर मिथेनॉल कधीच नाही. तुकडे दोन व्हॉल्व्हच्या मधल्या कप्प्यातून टाकायचे, कप्पा प्रत्येक वेळी नायट्रोजनने धुऊन. आधीचा तुकडा संपल्याशिवाय पुढचा नाही. सोडियम पाण्यावर तरंगतो, मिथेनॉलमध्ये मात्र बुडतो. त्यामुळे ढवळणी बंद पडली की तुकडे तळाशी बसतात आणि मेथॉक्साइडचा पांढरा थर त्यांना झाकतो. व्हेंटमधला प्रवाह मंदावतो आणि ऑपरेटरला वाटतं, सोडियम संपला. मग कोणीतरी ढवळणी पुन्हा चालू करतो, थर सुटतो आणि तळाशी पडलेला पाच-सहा किलो धातू एकदम कामाला लागतो. अशा वेळी टाकणं आधीच थांबलेलं हवं. कंडेन्सरचं (मिथेनॉलची वाफ गार करणाऱ्या भागाचं) पाणी पूर्ण चालू आहे ना ते पाहा आणि ढवळणी एकेका क्षणाच्या झटक्याने सुरू करा. ढवळणीच्या मोटारीचा करंट आणि कंडेन्सरच्या पाण्याचा प्रवाह, दोन्ही टाकण्याच्या व्हॉल्व्हला इंटरलॉक केलेले हवेत, म्हणजे यातलं एक बंद पडलं की व्हॉल्व्ह उघडणारच नाही.

कोपरी_पूल

@मेथॉक्साइडवाला, कूलिंगचा मुद्दा पटला. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा १९ डिसेंबर २००७ चा टी-टू लॅबोरेटरीजचा स्फोट त्याच जातीचा. सोडियम आणि मिथाइलसायक्लोपेंटाडाइन यांची क्रिया डायग्लाइम या द्रावकात चालली होती. थंड करणारं पाणी थांबलं आणि पर्यायी सोय नव्हती. तापमान २०० अंशांच्या आसपास पोचल्यावर सोडियमची द्रावकाशीच दुसरी, जास्त जोराची क्रिया सुरू झाली. चार जण गेले, ३२ जखमी झाले. ती त्यांची १७५ वी बॅच होती. त्याआधीच्या १७४ बॅच निभावल्या होत्या, म्हणून प्रक्रिया सुरक्षित आहे असं कोणालाही वाटलं असतं.

द्रावक निष्क्रिय आहे हे गृहीत धरू नका, कॅलरीमीटरवर (क्रियेची उष्णता मोजणाऱ्या उपकरणावर) तपासून घ्या. सोडियम हायड्राइड वापरणाऱ्यांनी डीएमएसओ आणि डीएमएफ या द्रावकांच्या बाबतीत हे खास लक्षात ठेवावं, त्या जोड्यांचे अपघात बरेच नोंदलेले आहेत. क्लोरोफॉर्म, मेथिलीन क्लोराइड, कार्बन टेट्राक्लोराइड यांची तर सोडियमच्या खोलीत बाटलीसुद्धा नको. मिश्रण धक्क्याने फुटतं.

वागळे_टर्नर

मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे भाग यंत्रावर कापायचं काम येतंय. तिथेही हेच नियम का?

मूलद्रव्य

मुळात वेगळी वस्तू आहे. ठोकळा सहज पेटत नाही, कारण उष्णता पटकन पसरवतो. खरी भीती कीस आणि भुकटीची. बोथट हत्यार, फार कमी फीड, नुसतं घासत राहणं यांतून बारीक कीस आणि उष्णता दोन्ही एकाच जागी तयार होतात. हत्याराला धार ठेवा आणि जाड चिप निघेल अशी फीड द्या. पाण्यात मिसळणारं कूलंट टाळून खनिज तेल वापरा. कीस अर्धवट ओला राहिला की हायड्रोजन सोडत तापतो, म्हणून ओला कीस कोरड्यापेक्षा वाईट. झाकण हवाबंद न लावता लोखंडी ड्रममध्ये कोरडा, शेडबाहेर ठेवा आणि रोज उचला. गंजलेल्या लोखंडाच्या किसाबरोबर एकत्र करू नका. गंज आणि मॅग्नेशियम म्हणजे थर्माइटच (प्रचंड तापून जळणारं मिश्रण) होतं.

बनवण्याबद्दल थोडक्यात. जगातला बराचसा मॅग्नेशियम पिजन पद्धतीने निघतो. भाजलेला डोलोमाइट आणि फेरोसिलिकॉन यांच्या गोळ्या पोलादी रिटॉर्टमध्ये (बंद नळकांड्यात), निर्वातात, १२०० अंशांच्या आसपास. वाफ होऊन मॅग्नेशियम रिटॉर्टच्या थंड टोकाला स्फटिकांच्या मुकुटासारखा जमतो. कच्च्या मालातले किंचित सोडियम आणि पोटॅशियम त्याहूनही थंड जागी जमतात. रिटॉर्ट उघडताना पहिल्यांदा पेटतात ते हेच, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा सापळा ठेवतात. केरळात चवऱ्याला टायटॅनियम स्पंज बनतो, त्या क्रोल पद्धतीत हाच मॅग्नेशियम टायटॅनियम टेट्राक्लोराइडचं क्षपण करतो, आर्गॉनमध्ये.

कळवा_लॅब

लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी पोटॅशियमबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे सोडियमची सवय घात करते.

सोडियमवर पांढरट कवच येतं, ते बहुतेक हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट. लिक्विड पॅराफिनखाली सुरीने खरवडून काढता येतं. पोटॅशियम हवेतला ऑक्सिजन घेऊन सुपरऑक्साइड बनवतो, आणि तेलाखाली ठेवला तरी तेलात विरघळलेला ऑक्सिजन त्याला महिनोन्‌महिने मिळत राहतो. त्यावर पिवळी ते नारिंगी साय धरते. सुरी लावली की ती साय ताज्या धातूत दाबली जाते, सोबत तेलही. ऑक्सिडीकारक, धातू आणि इंधन हे तिन्ही सुरीच्या पात्याखाली एकत्र येतात. स्फोट तिथेच होतो, पाण्याचा थेंबही नसताना.

म्हणून पोटॅशियमच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. पिवळं किंवा नारिंगी दिसलं तर कापू नका, खरवडू नका, बाटली हलवूही नका. विल्हेवाट लावणाऱ्या जाणकारांना बोलवा. सोडियम आणि पोटॅशियमच्या द्रव मिश्रणालाही, नॅकला, हेच लागू. ७८ टक्के पोटॅशियम असलेलं नॅक उणे १२.६ अंशांपर्यंत द्रवच राहतं, त्यामुळे सांडलं की फटीत शिरतं.

लिथियमला नायट्रोजनखाली ठेवू नका. तो नायट्रोजनशी क्रिया करून नायट्राइड बनवतो आणि काळा पडतो. आर्गॉनच हवा. घनता फक्त ०.५३, त्यामुळे तेलावर तरंगतो आणि वरची बाजू उघडी पडते. (मोबाइलची लिथियम-आयन बॅटरी ही वेगळी गोष्ट. तिच्यात सहसा धातुरूप लिथियम नसतो आणि तिची आग पाण्याने थंड करणं योग्यच आहे. या दोन्हींची गल्लत फार होते.)

घणसोली_प्रोसेस

आगीबद्दल कोणी लिहील का? शेडमध्ये सध्या एबीसी पावडर आणि सीओटू आहेत.

तळोजा_सेफ्टी

दोन्ही या धातूंसाठी निरुपयोगी, सीओटू तर घातक. मॅग्नेशियम कार्बन डायऑक्साइडमध्येही जळतो, सोडियमचंही तेच. फोमात पाणी असतं. ‘डी’ वर्गाची, म्हणजे धातूंच्या आगीसाठीची, पावडर लागते. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमला मिठावर आधारित पावडर चालते. लिथियमला ग्रॅफाइट किंवा तांब्याची पावडर. लिथियमवर वाळू टाकू नका, तो वाळूतल्या सिलिकाशीही भिडतो.

सोडियमसाठी कोरडा सोडा ॲश स्वस्त आणि चांगला. पण पावसाळ्यात उघड्या बादलीतला सोडा ॲश ओल धरून गठ्ठे होतो, आणि तो जळत्या सोडियमवर टाकणं म्हणजे पाणीच टाकणं. ओव्हनमध्ये १५० ते २०० अंशांना सुकवा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, दर महिन्याला मूठभर काढून पाहा. गठ्ठा लागला तर डबा बदला. वाळूच्या लाल बादल्या आपल्याकडे उघड्यावर टांगलेल्या असतात, त्या या खोलीजवळून काढूनच टाका.

सोडियमच्या आगीत ज्वाळा बुटक्या असतात, धूर मात्र दाट पांढरा. माणूस जवळ जातो आणि धुराने पडतो, कारण तो धूर ओलाव्यात कॉस्टिक होतो. श्वसनयंत्र लावूनच जा. पावडर फेकू नका. लांब दांड्याच्या फावड्याने हलकेच पसरत न्या, धातू पूर्ण झाकून वर दोन-तीन सेंटिमीटर थर येईपर्यंत. मग थांबा. पापुद्रा फोडून आत डोकावलं की पुन्हा पेटतो. पूर्ण गार व्हायला तास जातात.

एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्राला माल येण्याआधी कळवा आणि जागा दाखवा. गाडी आली की पहिला होज पाण्याचाच सुटतो. ड्रमवर यूएन १४२८ (सोडियमचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि ४.३ वर्गाची (पाण्याशी पेटता वायू सोडणाऱ्या पदार्थांची) निळी खूण असते, तीच दारावरही मोठी लावा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे द्यायची माहिती आणि १९८९ च्या घातक रसायन नियमांखालची कागदपत्रं त्याआधी पुरी करा.

अंगावर कण उडाला तर आधी कोरड्या चिमट्याने किंवा ब्रशने काढा, मग वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटं. थोडंसं पाणी सगळ्यात वाईट. सेफ्टी शॉवर हवाच, पण हाताळणीच्या टेबलापासून दूर, दाराबाहेर.

मेथॉक्साइडवाला

वितळवून पंपाने सोडायचा विचार कोणाचा असेल तर एक भर. सोडियम ९८ अंशांना वितळतो आणि वितळताना अडीच टक्क्यांच्या वर फुगतो. गोठलेल्या लाइनला मधोमध हीटर लावला तर दोन्हीकडून घट्ट बसलेल्या धातूमध्ये द्रव अडकतो आणि गॅस्केट किंवा वेल्ड फुटतो. नेहमी मोकळ्या पृष्ठभागाकडून सुरुवात करत आत जा. गरम पाण्याचं किंवा वाफेचं जॅकेट नको, तेलाचं किंवा विजेचं घ्या. खाली पोलादी ताट ठेवा, कारण काँक्रीटमध्ये बांधलेलं पाणी असतं आणि गरम सोडियम ते बाहेर ओढतो, काँक्रीट तडतड उडतं. जपानच्या मोंजू अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ ला सुमारे ६४० किलो सोडियम गळला, तो एका थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारेची) नळी प्रवाहाच्या कंपनाने तुटल्यामुळे. टाकी आणि पाइप शाबूत होते.

घणसोली_प्रोसेस

सगळ्यांचे आभार. धातू आणायचा की तयार द्रावण घ्यायचं, हा प्रश्न मी पुन्हा टेबलावर ठेवतोय. शेवटचं एकच विचारतो: रिकामे ड्रम आणि चुरा यांचं काय करायचं?

कळवा_लॅब

चुरा पॅराफिनच्या डब्यात साठवत राहू नका, त्या त्या दिवशी संपवा. नायट्रोजनखाली, एका ग्रॅमला २० ते २५ मिलिलिटर कोरडं आयसोप्रोपेनॉल घ्या आणि त्यात तुकडे एकेक करून सोडा. तेवढ्यातही द्रावण दाट होऊन तुकड्यावर थर धरतं आणि बुडबुडे थांबतात. इथेच ‘झालं’ समजून पाणी ओतलं जातं. तसं करू नका. थोडं इथेनॉल घाला, काचेच्या कांडीने ढकला, पुन्हा बुडबुडे येतात का पाहा, रात्रभर राहू द्या. मगच पाणी, थेंबाथेंबाने. पोटॅशियमला आयसोप्रोपेनॉलही जोराचं पडतं, तिथे टर्ट-ब्युटेनॉल. धातू पुसलेली फडकी केराच्या टोपलीत न टाकता त्याच भांड्यात.

तळोजा_सेफ्टी

ड्रमची गोष्टही तशीच, फक्त मोठ्या मापाची. ‘रिकाम्या’ ड्रमच्या शिवणीत आणि झाकणाच्या खाचेत धातू उरतोच. आधी टॉर्चने आत पाहा, टॉर्च ‘टू-सी’चा असावा. जाड गोळा उरलेला दिसला तर नायट्रोजनखाली खरवडून तो चुऱ्यात घ्या. मग ड्रम उघड्या शेडखाली, तोंड वर, नायट्रोजनचा सावकाश प्रवाह चालू ठेवून पाच ते दहा लिटर आयसोप्रोपेनॉल घाला. झाकण लावून गडगडवू नका, हायड्रोजनने ड्रम फुगतो. शिवणीवर लांब दांड्याच्या ब्रशने फिरवा, २४ तास ठेवा, दुसऱ्या दिवशी ब्रशने पुन्हा ढवळून बुडबुडे नाहीत याची खात्री करा. मग थोडं इथेनॉल, मग पाणी, प्रत्येक वेळी थांबून. निघालेलं द्रावण पेटणारं आणि कॉस्टिक असतं. ते नाल्यात किंवा सांडपाण्यात नको, घातक कचरा म्हणून तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राला द्या.

शेवटी ड्रमला तळाला आणि बाजूला भोकं पाडा, जुनी लेबलं खरवडा. धुतल्याची तारीख आणि कोणी धुतला ते रजिस्टरमध्ये लिहूनच गेटबाहेर सोडा. तुर्भे-महापेच्या भंगारवाल्याकडे तो ड्रम पहिल्यांदा गॅस कटरखाली जातो किंवा पाणी साठवायला घरी नेला जातो, आणि आत काय होतं हे तिथे कोणालाच माहीत नसतं.